येत नव्हतं ते सोडून दिलं

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. ऑफिसमध्ये बिल्ड चालू होता, म्हणजे मी खुर्चीत मागे रेलून कॉफी पीत होतो आणि काम करतोय असा चेहरा केला होता. तेवढ्यात मामेभावाचा फोन. "दादा, निकाल लागलाय म्हणं. माझ्या मोबाईलवर ती पीडीएफ उघडंना झालीय. तू बघतोस का?"

निकाल म्हणजे अग्निवीर भरतीच्या लेखी परीक्षेचा. पीडीएफ उघडली. पानंच्या पानं नुसते रोल नंबर, ना नाव ना गाव. कंट्रोल एफ दाबलं, त्यानं सांगितलेला नंबर टाकला. शून्यापैकी शून्य. परत टाकला, पुढेमागे चुकून स्पेस पडली असेल म्हणून. शून्य. बग शोधताना ज्या आशेनं आपण तीच कमांड चौथ्यांदा चालवतो ना, त्या आशेनं मी तो नंबर चौथ्यांदाही टाकला.

"नाही रे दिसत," म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. आणि मग दोन सेकंदांनी, "ठेवू का मग? म्हशीचं बघायचंय."

हा मुलगा सातारा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात राहतो. सोळाशे मीटर, म्हणजे एक मैल, सव्वापाच मिनिटांत पळतो. सैन्याच्या मैदानी चाचणीत साडेपाच मिनिटांच्या आत आलात की धावण्याचे पैकीच्या पैकी साठ गुण मिळतात. दहा पुलअप्स काढले की आणखी चाळीस. हा पठ्ठ्या चौदा काढतो आणि खाली उतरून हसतो. दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून त्यानं हे शरीर कमावलंय. ते शरीर बघायला सैन्यानं त्याला बोलावलंच नाही. कारण मैदानापर्यंत पोचायच्या आधी एका संगणकासमोर एक तास बसायचं असतं, आणि तो तिथेच अडकला. तेही दुसऱ्यांदा.

तुम्ही म्हणाल, मग अभ्यास करायचा ना! बरोबर आहे. मीही आधी तेच म्हणालो. पण त्या आठवड्यात शनिवारी गावी गेलो, त्याच्याबरोबर बांधावर बसून त्याचा पेपर आठवून आठवून पुन्हा सोडवला, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात जो किडा वळवळतोय तो आज इथे सोडतोय.

आधी नियम काय आहेत ते सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीत नसतात. मलाही नव्हते. आपल्याला लष्कर म्हणजे खडकवासल्याची एनडीए, कॅम्पातले रुंद रस्ते आणि एप्रिल-मेमध्ये टेकडीवर पळणारी पोरं, एवढंच ठाऊक. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. तेव्हा जाहीर केलेलं वय साडेसतरा ते एकवीस, नोकरी चार वर्षांची, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करणार. जनरल ड्यूटी, म्हणजे आपण ज्याला साधा जवान म्हणतो, त्यासाठी दहावी पास, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. टेक्निकलसाठी बारावी सायन्स. क्लार्कसाठी बारावीला ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०. ट्रेड्समनमध्ये काही कामांना नुसती दहावी, आणि हाऊसकीपर, मेसकीपरसाठी आठवी पास चालते.

ही यादी वाचून मला सगळ्यात आधी काय आठवलं असेल? कॅम्पस! "सिक्स्टी पर्सेंट थ्रूआऊट." दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ पाहिजेत, नाहीतर टेस्टलाही बसू देणार नाही. मला बारावीला ५९.३३ होते. कॉलेजच्या हॉलबाहेर यादी लागली होती, त्यात माझ्या रूममेटचं नाव होतं, माझं नव्हतं. त्याच रूममेटला डेटा स्ट्रक्चर्स मी शिकवलं होतं, रात्री दोन वाजता, मॅगी खात. पॉइंट सहा सात टक्क्यांनी मी कमी हुशार होतो असं त्या कंपनीचं म्हणणं पडलं. तो राग मी कित्येक वर्षं जपून ठेवला होता, जुन्या चिल्लरीसारखा.

आणि आता खरं सांगू? काही दिवसांपूर्वी आमच्या टीममध्ये दोन जागा होत्या. तीनशेच्या वर रेझ्युमे आले. मी एक्सेल उघडलं, टक्केवारीच्या कॉलमवर फिल्टर लावला, साठच्या खालचे उडवले. चार सेकंद लागले. उडवलेल्यात कोण होतं ते मी बघितलंही नाही. तेव्हा मी आज जे लिहितोय ते सैन्याला शिव्या घालायला नाही. मी त्याच पापात आहे.

आता मुद्द्यावर येतो. भरतीचा क्रम. पूर्वी, म्हणजे २०२३ च्या आधी, भरतीला आधी मैदान असायचं. मेळावा लागायचा, हजारो पोरं रात्रीपासून फुटपाथवर, एसटी स्टँडवर, शाळेच्या व्हरांड्यात झोपायची. पहाटे पळायचं, मग पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा, झिगझॅग बॅलन्स. मग मेडिकल. आणि जे उरतील त्यांची शेवटी लेखी परीक्षा. २०२३ मध्ये हा क्रम उलटा केला. आता आधी संगणकावर परीक्षा, त्यात निवडले गेलेल्यांनाच मैदानावर बोलावणं. कारण सरळ आहे. मेळाव्यातली गर्दी सांभाळणं, तेवढ्या लोकांची वैद्यकीय तपासणी करणं, त्यासाठी माणसं आणि तंबू उभे करणं, यात प्रचंड पैसा आणि मनुष्यबळ जातं.

इंजिनिअर म्हणून माझी पहिली प्रतिक्रिया: एकदम करेक्ट! स्वस्त फिल्टर आधी, महाग फिल्टर नंतर. आपण क्वेरी लिहिताना हेच करतो. आणि तसंही दोन्ही अटी पूर्ण करायच्याच आहेत, तर कुठली आधी तपासली यानं काय फरक पडतो? अ आणि ब, ब आणि अ, उत्तर एकच.

पण थांबा. उत्तर एकच तेव्हा, जेव्हा दोन्ही चाळण्या 'पास किंवा नापास' अशा असतात. जिथे जागा मोजक्या असतात आणि वरचे अमुक इतकेच घ्यायचे असतात, तिथे पहिली चाळणी लावणाराच ठरवतो की दुसऱ्या चाळणीत कोण पडणार. आधी मैदान असताना पळणाऱ्यांमधून अभ्यासू पोरं निवडली जायची. आता अभ्यासूंमधून पळणारी निवडली जातात. दोन्हीकडे चांगलीच मुलं मिळतात, पण ती तीच मुलं नसतात. आणि दुसरी गोष्ट, पहिली चाळणी कुठली आहे यावर पोरं आपली दोन वर्षं कशावर खर्च करायची ते ठरवतात. आमच्या गावच्या माळावर पूर्वी पहाटे वीस-बावीस जण पळायचे. आता सहा-सात असतात. बाकीचे तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत खुर्ची भाड्यानं घेऊन बसतात. हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही. पुस्तकासमोर बसलेलं पोरगं बघून कुठल्या आईला वाईट वाटेल? पण बदल झालाय एवढं खरं.

बरं, मग परीक्षा नकोच का? आमच्या मामांना विचारलं. मामा म्हणजे याचे वडील, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. मला वाटलं म्हातारा पोराची बाजू घेणार. तर कसलं काय!

"आरं भाच्या, परीक्षा पायजेच," मामा म्हणाले. "नकाशा वाचता न येणारा शूर माणूस आख्ख्या सेक्शनला दरीत घिऊन जातो. ताकद तर बैलालाबी असती."

खरंच आहे. आजच्या जवानाच्या हातात नुसती रायफल नसते. रेडिओ सेट असतो, जीपीएस असतं, थर्मल साइट असते, आता ड्रोनही आले. कोऑर्डिनेट सांगताना एक आकडा इकडचा तिकडे झाला तर काय होईल ते सांगायला नको. आपल्याकडे प्रॉडक्शनमध्ये आकडा चुकला तर रोलबॅक करता येतो.

शिवाय नुसत्या टक्केवारीवर विसंबायचं तर तिची काय अवस्था आहे बघा. हा आमचा भाऊ २०२१ च्या दहावीच्या बॅचचा. आठवतंय ना ते वर्ष? कोविडमुळे राज्य बोर्डाची दहावीची परीक्षा झालीच नाही. नववीचे मार्क, दहावीचं अंतर्गत मूल्यमापन, असं गणित करून निकाल लावला, तो लागला ९९.९५ टक्के. म्हणजे अग्निवीरच्या वयात नेमकी बसणारी ही एक आख्खी पिढी अशी आहे, की जिच्या दहावीच्या मार्कशीटमागे बोर्डाची परीक्षाच नाही. त्या मार्कशीटवर ४५ टक्के आहेत की ४४, यावर कुणाला आत घ्यायचं ते ठरवणं म्हणजे विनोदच. त्यामुळे सगळ्यांची एक सारखी परीक्षा घेणं हे टक्केवारीपेक्षा न्यायाचं आहे, हे मला मान्य आहे.

आणि संगणकावर परीक्षा घेण्याचंही एक कारण आहे, जे आपल्या पुण्याला चांगलंच माहीत असायला हवं. फेब्रुवारी २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी सैन्यभरतीचा पेपर फोडणारी टोळी पकडली, महाराष्ट्र, गोवा, गुजरातमधल्या सहा केंद्रांवरची परीक्षा रद्द झाली, त्यात आपली खडकीही होती. मग २८ फेब्रुवारी २०२१, रविवार. त्या दिवशी जनरल ड्यूटीच्या जवानांची देशभर लेखी परीक्षा होती. पेपर फुटल्याचं पुण्यात उघडकीला आलं आणि सगळ्या देशाची परीक्षा रद्द झाली. पुढे काही लष्करी अधिकाऱ्यांनाही अटक झाली. पैसे देऊन पेपर घेणारा पोरगा आत जातो तेव्हा रात्री अभ्यास करणारं कुणीतरी बाहेर राहतं, आणि आपण कुणामुळे बाहेर राहिलो हे त्याला कधीच कळत नाही. पुढे २०२२ मध्ये अग्निपथ आली तेव्हा अर्धवट राहिलेल्या सगळ्या जुन्या भरत्याच रद्द केल्या. मैदान मारलेल्या, मेडिकल झालेल्या पोरांना सांगितलं, नव्यानं अर्ज करा. दोन वर्षं भरती नव्हती म्हणून त्या एका वर्षापुरती वयाची अट तेवीस केली, एवढाच काय तो दिलासा.

असो. तर परीक्षा पाहिजे, संगणकावर पाहिजे, सगळं मान्य. मग माझी तक्रार काय आहे?

ती त्या बांधावर सापडली. जनरल ड्यूटीचा पेपर एक तासाचा, पन्नास प्रश्न. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं तर अर्धा वजा. पहिल्या वर्षी, २०२४ ला, पेपर हिंदी आणि इंग्रजीतच होता. तेव्हा तो भाषेत अडखळला. २०२५ पासून मराठीसकट तेरा भाषांमध्ये पेपर मिळायला लागला. ही फार मोठी गोष्ट झाली, जिनं ती केली तिला मनापासून सलाम. मराठी पेपरमध्ये याला जवळपास सगळे प्रश्न समजले. मग घोडं अडलं कुठे?

म्हटलं, "किती सोडवलेस?"

"छत्तीस."

"आणि चौदा?"

"येत नव्हतं ते सोडून दिलं."

मग आम्ही त्या चौदांतले जेवढे आठवत होते तेवढे काढून बसलो. जवळपास प्रत्येक प्रश्नात चारपैकी दोन पर्याय चूक आहेत हे त्याला माहीत होतं. उरलेल्या दोघांत शंका होती. म्हटलं, "अरे मग एकावर टिक करायची ना! अर्ध्या वेळा बरोबर येणार."

तो माझ्याकडे असं बघायला लागला जसं काही मी त्याला शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे पाडायला सांगतोय. "येत नव्हतं तर खोटं कशाला टिक करू, दादा?"

मी मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढला. चारपैकी एकही पर्याय माहीत नसताना आंधळेपणानं टिक केली तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी नफा होतो आठवा हिस्सा गुण. म्हणजे अगदी डोळे मिटूनही तोटा नाही. दोन पर्याय कापता आले तर सरासरी पाऊण गुण. चौदा प्रश्नांचे झाले साडेदहा. जिथे एकेका गुणावर शेकडो पोरं उभी असतात तिथे साडेदहा गुण यानं बांधावर ठेवून दिले. का, तर खोटं कशाला बोलायचं!

आता मला सांगा, हे गणित तुम्हाला-मला कुणी शिकवलं? कॅटच्या क्लासवाल्यानं, ॲप्टिट्यूडच्या पुस्तकानं, सीनिअरनं. ते आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. शहरात ते हवेत असतं, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर फुकट मिळतं. त्याच्या गावात ते हवेत नाही. त्या पेपरात दहावीचं विज्ञान तपासलं, गणित तपासलं, पण शेवटी साडेदहा गुणांचा फरक पडला तो 'परीक्षा कशी द्यायची हे तुला कुणी सांगितलंय का' या एकावन्नाव्या प्रश्नावर. तो प्रश्न पेपरात छापलेला नसतो.

आणि गंमत म्हणजे हे खूळ मुळात सैन्यातूनच आलंय! १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा रॉबर्ट यर्क्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जवानांसाठी 'आर्मी अल्फा' नावाची बुद्धिचाचणी बनवली. दीड वर्षात सतरा लाखांच्या आसपास लोकांना ती आणि तिची भावंडं दिली. तीत बाजारातल्या तुपासारख्या एका ब्रँडचं नाव देऊन हे काय आहे, औषध की खायचा पदार्थ, असले प्रश्न होते. जो नुकताच बोटीतून उतरलाय, ज्यानं अमेरिकन वाण्याचं दुकान पाहिलेलं नाही, तो निर्बुद्ध ठरला. त्याच टीममधल्या कार्ल ब्रिगॅमनं पुढे १९२६ मध्ये एसएटी परीक्षा तयार केली. आपण कॅम्पसला जी ॲप्टिट्यूड टेस्ट देतो तीही याच घराण्यातली.

याच्या उलट टोकाचंही उदाहरण अमेरिकेतच आहे. १९६६ मध्ये मॅक्नमारा साहेबांनी चाचणीत कमी पडणाऱ्या तरुणांना सरसकट आत घ्यायला सुरुवात केली, साडेतीन लाखांच्या आसपास पोरं घेतली आणि त्यातली बरीच व्हिएतनामला पाठवली. ती इतरांपेक्षा जास्त प्रमाणात मेली. तेव्हा 'गरिबांसाठी अट ढिली करा' हे ऐकायला छान वाटलं तरी ती दया नाही. मामांचं दरीचं वाक्य परत आठवा.

मग मधला रस्ता आहे का? आहे, आणि तो आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ. ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. अध्यापनाचं शिक्षण त्यांनी कुठे घेतलं? इथेच पुण्यात, लष्कराच्या नॉर्मल स्कूलमध्ये. त्या काळच्या सैन्यात जवानांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्याची सोय होती. ज्यांना गावातल्या शाळेची पायरी चढू देत नव्हते त्यांना पलटणीनं अक्षरओळख दिली. त्या घरातून पुढे कोण जन्मलं ते सांगायला नको. आणि मग १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढवय्या जाती' नावाचं खूळ डोक्यात घेऊन महारांची भरती बंद केली. म्हणजे प्रवेशाची अट शिक्षण नाही, धावणं नाही, जन्म! गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये थेट विलायतेला अर्ज पाठवला. १९१७ मध्ये महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभारली, गरज संपल्यावर मोडली, आणि शेवटी १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट झाली. पन्नास वर्षं लागली एक चुकीचा फिल्टर काढायला!

या पन्नास वर्षांकडे बघितलं की आजच्या परीक्षेची किंमत कळते. तिथे जात विचारत नाहीत. रोल नंबर विचारतात. तेव्हा मी परीक्षेच्या विरुद्ध नाही हे पुन्हा सांगतो. पण रामजी सुभेदारांच्या काळातल्या त्या सैन्यानं एक गोष्ट केली होती, जी आपण विसरलो. ते दारातच शिकून आलायस का एवढंच विचारत नव्हतं. आत घेऊन शिकवत होतं. याच सैन्यात आजही एज्युकेशन कोअर आहे, पचमढीला तिचं केंद्र आहे. अग्निपथमध्येसुद्धा दहावी पास जवानाला एनआयओएसमधून बारावी आणि इग्नूमधून पदवी मिळण्याची सोय जाहीर झाली आहे. म्हणजे शिकवण्याची यंत्रणा आहे, इच्छाही आहे, फक्त ती दाराच्या आतल्या बाजूला आहे.

तीच थोडी दाराबाहेर आणता येणार नाही का? अमेरिकेच्या सैन्याला २०२२ मध्ये माणसं कमी पडायला लागली तेव्हा त्यांनी अट ढिली केली नाही. ऑगस्टमध्ये फोर्ट जॅक्सनला एक पूर्वतयारी कोर्स काढला. चाचणीत किंवा वजनात थोडा कमी पडलास? ये, नव्वद दिवसांपर्यंत राहा, आम्ही शिकवतो, परत परीक्षा दे. त्यांना माणसं मिळेनात म्हणून त्यांनी हे केलं, आपल्याकडे माणसांची रीघ आहे म्हणून कुणाला गरज वाटत नाही, हे मला कळतं. शंभर जण दारात असताना एकशेएकाव्याला कोण शिकवत बसेल? मीही तीनशे रेझ्युमे असताना नाहीच शिकवत बसलो. पण रीघ मोठी आहे म्हणून चाळणी कशीही चालेल असं नाही. उलट रीघ जेवढी मोठी तेवढी चाळणीच्या एकेका भोकाची किंमत जास्त.

फार मोठ्या मागण्या नाहीत माझ्या. एक तर, अंदाजपंचे टिक करण्यात फायदा आणि प्रामाणिकपणे सोडण्यात तोटा, असा पेपर जवानांसाठी तरी नको. चुकीला दोन-तृतीयांश गुण वजा केला की आंधळी टिक बरोब्बर शून्यावर येते, साधं अंकगणित आहे. दोन, थोडक्यात हुकलेल्यांना मैदानावर एकदा पळू द्या. जो मैल सव्वापाच मिनिटांत मारतो तो लेखीत चार गुणांनी मागे असेल तर त्याच्याकडे बघायला तरी काय हरकत आहे? आणि तीन, प्रत्येक तालुक्यात दहा संगणक असलेली एक खोली, जिथे पोराला खऱ्या परीक्षेआधी चार वेळा माऊस धरून बसता येईल. आमच्या भावानं आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरला तो परीक्षेच्या दिवशी. मोबाईलवर त्याचा अंगठा विजेसारखा चालतो, पण त्या दिवशी बाण कुठे गेला ते शोधण्यात पहिली पाच मिनिटं गेली.

सैन्य माझं ऐकेल असं मला वाटत नाही. :-) पण तिसरी गोष्ट करायला सैन्य कशाला पाहिजे? आपल्या कंपन्यांमध्ये दर तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात. जुने कुठे जातात कधी विचारलंय? मी ॲडमिनला विचारलं, सहा महिने फॉर्म भरले, शेवटी पाच मिळाले. गावच्या वाचनालयात मांडले. पन्नास प्रश्न, एक तास, उलटं चालणारं घड्याळ, वजावट, असा एक साधा प्रोग्राम दोन वीकेंडला लिहिला. माझ्या वीस वर्षांच्या करिअरमधला सगळ्यात फालतू कोड आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा. आता दर रविवारी नऊ पोरं आणि दोन पोरी तिथे बसतात. पोरींना पोलीस भरती करायची आहे.

गेल्या शनिवारी भाऊ पुण्याला आला होता. कोथरूडला आमच्याकडेच उतरला. रविवारी पहाटे पाचला त्यानं मला उठवलं, "चल दादा, टेकडीवर." एआरएआयच्या टेकडीवर मी तीन मिनिटांत दगडावर बसलो, तो चार फेऱ्या मारून आला तरी श्वास जागेवर. तेव्हा त्याला विचारलं, "काय रे, आता टिक करायला शिकलास ना?"

"शिकलो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "दोन पर्याय कापता आले तर करतो. एकच कापता आला तरबी करतो आता. पण आप्पा काय म्हणाले म्हाईत हाय का? म्हणाले, पेपरात कर बाबा. पण पोस्टवर उभा राहशील तवा दिसलं नसंल तर दिसलं न्हाय असंच सांग. अंदाजानं सांगू नको."

मी त्या दगडावर बसून राहिलो. खाली कर्वे रोडचे दिवे विझत होते. येत नाही ते येत नाही म्हणायचं, ही गोष्ट त्याच्यात आधीपासून होती. ती परीक्षेपुरती विसरायला मी शिकवली, आणि आत गेल्यावर परत आठवायला त्याच्या बापानं. मैदानावर त्याला अजून कुणी पळताना बघितलेलं नाही. वयाच्या हिशोबानं फार संधीही उरलेल्या नाहीत. पुढच्या पीडीएफमध्ये कंट्रोल एफ मीच दाबणार आहे.

आणि हो, सोमवारी ऑफिसात गेल्यावर ते एक्सेल परत उघडलं. फिल्टर काढला. साठच्या खालचे एकशेबारा रेझ्युमे आहेत. रोज दहा वाचतोय.